पोतदार, हुंडी आणि निनावी नाणे

‘आभासी चलन आणि जगातील सरकारे’ हा आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका वयोवृद्ध स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, “अहो, जे हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, त्याला सरकार कायद्यात बांधणार तरी कसे?” प्रश्न थट्टेने विचारला होता, परंतु घरी जाऊन विचार करता करता मला वाटू लागले की, तो उलटा करून विचारावयास हवा. नाणे हाताला लागत होते, दातांखाली धरून पाहता येत होते, तेव्हा तरी ते सरकारच्या मुठीत कितीसे राहिले? इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, कोणत्याही काळच्या राज्यकर्त्याला पैसा असा धरून ठेवता आलेला नाही. त्याने धरला आहे तो पैशाच्या उंबरठ्यावर बसलेला माणूस. आजच्या या अदृश्य नाण्याच्या बाबतीतही जगभर नेमके तेच चालले आहे. म्हणून आरंभ बिटकॉईनपासून न करता तो मी आपल्या घरापासून करणार आहे.

आपले नंदुरबार हे सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्या दरम्यानच्या जुन्या व्यापारी मार्गावरचे गाव. मोगलाईत सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आणि त्यामागून चालणारा पैसा या वाटेने वर उत्तरेकडे जाई. या पेठेत एकच एक रुपया कधी नव्हता. सुरती रुपया होता, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपया होता, आणखी कितीतरी होते. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा, आणि एकाच छापाच्या जुन्या-नव्या नाण्यांतही फरक. मग व्यवहार चालत कसा? तो चालत असे पोतदारामुळे. आज पोतदार हे आपल्याला केवळ आडनाव वाटते; पण नाणे पारखून खरे-खोटे ठरविणारा, त्याचा बट्टा सांगणारा तो अधिकारी होता. सरकारी वसुलीत भरणा होणारा रुपया त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय खजिन्यात पडत नसे. छाप बादशहाचा असो की आणखी कोणाचा, रयतेच्या दृष्टीने खरी किंमत ठरे ती या माणसाच्या पारखीने.

पेशवाईत टांकसाळ घालण्याचा परवाना खासगी माणसांनाही मिळत असे. सरकार त्याबद्दल रक्कम घेई आणि नाण्याचे वजन व कस ठरवून देई. परवान्याची ही पद्धत ठीक चालली की उत्पन्न येई. ढिली पडली की हिणकस नाण्याचा सुळसुळाट होई. कर्नाटकात धारवाडच्या बाजूस जमीनदारांनी घातलेल्या टांकसाळींतून असे हलके नाणे निघू लागले तेव्हा पेशव्यांना त्या बंद करून सरकारी टांकसाळ चालवावी लागली. परवाना, तपासणी, आणि शेवटी बंदी, या तीन पायऱ्या ध्यानात असू द्या. आज टोकियो, ब्रुसेल्स आणि पेकिंग येथे ज्या निरनिराळ्या वाटा चोखाळलेल्या दिसतात, त्या याच तीन पायऱ्यांवरून फुटलेल्या आहेत.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया सर्व मुलखाला लागू केला. हळूहळू पोतदाराचे काम सरले. पण सावकाराचे सरले नाही. कारण त्याच्यापाशी नाण्याहूनही विलक्षण असे एक साधन होते. ते म्हणजे हुंडी.

हुंडीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. कारण आभासी चलनाचे गोडवे गाणारी तरुण मंडळी ज्या गुणांचे कौतुक करतात, त्यांतले बहुतेक गुण तिच्यात होते. चांदीचे ओझे न हलविता सुरतेचा पैसा बऱ्हाणपुरास देता येई. राजे बदलले, सरहद्दी बदलल्या, तरी हुंडी वटे. सरकारी शिक्क्याची तिला गरज नव्हती. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे पैसे ठरल्या दिवशी. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून आकडा अक्षरी लिहून पुन्हा ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ असे लिहीत. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत देत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की ती हुंडी ‘खोखा’ होई आणि तिची किंमत संपे.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शाहजोग हुंडी. या हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातावर ठेवावयाचे नसत. ते ‘शाह’ म्हणजे पेठेत ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यामार्फतच द्यावयाचे. हुंडी चोरीची निघाली, तर पैसे नेणारा हा शाह पेठेला ठाऊक असे आणि त्याच्याकडे हात पोहोचत असे. कागद कितीही हातांतून फिरो. शेवटी पैसा बाहेर पडण्याच्या दारात नाव असलेला, जबाबदार धरता येईल असा एक मनुष्य उभा पाहिजे, हा तिचा सिद्धांत. इंग्रजांनी १८८१ मध्ये परक्राम्य लेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रिवाजाला हात न लावण्याची सवलत त्यांनी पहिल्याच कलमात घालून ठेवली. पेठेचा रिवाज कायद्याचेच काम करीत होता, हे त्यांनी ओळखले होते.

नोटांच्या बाबतीत मात्र सरकार इतके उदार नव्हते. मुंबई बँकेसारख्या इलाखा बँका स्वतःच्या नोटा काढीत असत. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने हा अधिकार काढून घेतला आणि १ मार्च १८६२ पासून नोटा काढणे हे केवळ सरकारचे काम झाले. कायद्याने सरकारवरही बंधन घातले होते. चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे चालतील. त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे नाणे अथवा धातू ठेवलाच पाहिजे. हा तपशील रुक्ष आहे, तरी तो लक्षात ठेवा. पुढे तो अमेरिकेत पुन्हा भेटणार आहे.

हा कायदा अमलात येतो न येतो तोच मुंबईवर एक वादळ आले, आणि त्यात आपल्या खानदेशच्या शेतातली बोंडे सापडली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडात जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळविले. कापसाचे भाव इतके चढले की लबाडीलाही ऊत आला. रुईत सरकी आणि माती मिसळू लागली, आणि १८६३ मध्ये कापसातील लबाडी रोखण्याचा खास कायदा मुंबई सरकारला करावा लागला. गठ्ठ्यातल्या कापसावर पहारा बसला, परंतु कापसातून मुंबईत आलेल्या पैशावर पहारा बसविण्याचे कोणाला सुचले नाही. तो पैसा कोठे तरी जाणारच! समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, त्या बँकांच्या शेअरांवर कर्जे देणाऱ्या आणखी कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या पाच हजारांच्या शेअरला त्याच्या कित्येक पट भाव येऊ लागला. मुंबई बँकेच्या सनदेत १८६३ मध्ये बदल होऊन शेअरांच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली होती. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँकेच्या तिजोऱ्या उघडत. बँकेत सरकारचे भांडवल होते, संचालक मंडळात सरकारनियुक्त माणसे होती. म्हणजे पहारेकरी नव्हता असे नाही, तो मेजवानीला बसला होता.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा निकालाचा दिवस. त्या दिवशी कोणालाच कोणाचे देणे देता येईना. पुढे मुंबई बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. या प्रकरणाची हकीकत दिनशा वाच्छा यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. ज्यांना आजच्या बाजाराविषयी कुतूहल आहे, त्यांनी ते जुने पुस्तक जरूर वाचावे. सट्टा चालू असताना वायदे हा ज्याचा त्याचा खासगी मामला समजला गेला. चौकशी बसली ती घरे बसल्यानंतर. चौकशीने कारणे बाहेर आली, बुडालेले परत आले नाही.

यानंतर मधली सात दशके मी सोडून देतो. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात एकतिसावे कलम आहे. मागताक्षणी आणणाऱ्यास पैसे देण्याचे वचन लिहिलेला कागद रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यावाचून कोणीही काढता कामा नये, असा त्याचा आशय. खासगी नोटेची वाट या कलमाने कायमची बुजविली, असे सर्वांना वाटले.

आणि ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, अमेरिकेतल्या बँका धडाधड कोसळत असताना, सातोशी नाकामोतो असे टोपणनाव धारण करणाऱ्या कोणा अज्ञाताने एक निबंध प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ रोजी त्या निबंधाबरहुकूम पहिले बिटकॉईन निर्माण झाले. यातली किमया समजून घेण्यास गणितज्ञ असण्याची गरज नाही. अशी कल्पना करा की, गावात एकच रोजकीर्द आहे, पण तिची हुबेहूब प्रत ज्याला हवी त्याच्या घरी आहे. प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाची मोहोर उमटलेली. त्यामुळे एक जुना आकडा बदलावयाचा तर पुढची सारी पाने, तीही बहुतेकांच्या घरातली, बदलावी लागतील. या वहीत जमाखर्च आहे, पण नावे नाहीत. नावांच्या जागी लांबलचक खुणांचे आकडे आहेत. एकंदर नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधी जावयाची नाहीत, हेही आरंभीच ठरलेले. आता एकतिसावे कलम याला लावून पाहा. ते कलम वचनाला पकडते; येथे वचन देणाराच नाही! कागदावर सही कोणाची? कोणाचीच नाही. आणि ज्याच्या हातून आपली गुप्त किल्ली हरवली, त्याला पेठही नाही आणि परपेठही नाही.

असे हे निनावी नाणे धरावयाचे कसे, असा प्रश्न जगातल्या अधिकाऱ्यांना पडला. वही धरता येत नाही; ती सगळीकडे आहे. परंतु रुपये, डॉलर, येन देऊन ही नाणी घ्यावयाची आणि विकून पुन्हा रुपये करावयाचे, तर कोठल्या तरी पेढीत यावे लागते. तिला एक्स्चेंज म्हणतात. तेथे मात्र माणूस आहे, बँकेचे खाते आहे, दारावर पाटी आहे. सरकारांनी ही पेढी हेरली.

जपानचे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. टोकियोतील माउंट गॉक्स ही त्या काळी जगातली सर्वांत मोठी पेढी. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती बुडाली. साडेआठ लाख बिटकॉईन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतले दोन लाख पुढे जुन्या खात्यात सापडले. जपानने यावर बंदी घातली नाही. एप्रिल २०१७ पासून त्याने या पेढ्यांना नोंदणी सक्तीची केली. गिऱ्हाइकाचा माल आणि पेढीचा माल वेगवेगळा ठेवलाच पाहिजे, हे बंधन घातले. पुढे २०२० पासून ते अधिक कडक करून, गिऱ्हाइकांच्या नाण्यांच्या बहुतेक किल्ल्या इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी ठेवावयास लावल्या. याचा उपयोग काय झाला, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. एफटीएक्स नावाची प्रचंड पेढी कोसळली आणि जगभरचे गिऱ्हाईक हात चोळीत बसले. तिच्या जपानी शाखेच्या गिऱ्हाइकांना मात्र फेब्रुवारी २०२३ पासून आपला माल परत नेता येऊ लागला. पेढी तीच, मालक तेच. उंबरठा तेवढा निराळा.

चीनने पेशव्यांची तिसरी पायरी धरली. २०१३ मध्ये बँकांना मनाई केली, २०१७ मध्ये पेढ्या बंद केल्या, आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी हा सारा व्यवहारच बेकायदा ठरविला. एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने त्याच महिन्यात नेमके उलटे केले. बिटकॉईनला कायदेशीर चलनाचा मान दिला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेण्याची वेळ आली तेव्हा, २०२५ च्या जानेवारीत, ते स्वीकारण्याची सक्ती त्याला काढून टाकावी लागली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सत्तावीस देशांना मिळून एक कायदा केला आणि ३० डिसेंबर २०२४ पासून तो पूर्णपणे लागू झाला. एका देशातला परवाना साऱ्या संघात चालावा, अशी त्यातली योजना आहे. अमेरिकेत बरीच वर्षे हे नाणे शेअरासारखे की मालासारखे, यावरच दोन सरकारी खात्यांची ओढाताण चालली. त्यासाठी आधार घेतला जाई तो फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांच्या एका खटल्याचा, सर्वोच्च न्यायालयाच्या १९४६ च्या निकालाचा! शेवटी १८ जुलै २०२५ रोजी तेथे जो पहिला मोठा कायदा झाला, तो डॉलरला जखडलेल्या ‘स्थिर’ नाण्यांपुरता आहे. त्यात लिहिले आहे की, काढलेल्या प्रत्येक नाण्यामागे तेवढीच रोकड अथवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे ठेवलेच पाहिजेत. १८६१ चा आपला कागदी चलनाचा कायदा येथे पुन्हा भेटतो, तो असा.

या सर्वांहून व्यापक पाऊल मात्र काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृतिदलाने जून २०१९ मध्ये उचलले. एका पेढीतून दुसऱ्या पेढीत नाणे गेले की पाठविणाराचे आणि घेणाराचे नावही बरोबर गेले पाहिजे, असा दंडक त्याने सदस्य देशांना घालून दिला. हा शाहजोग हुंडीचाच नियम नव्हे काय? आपल्या जिल्ह्याला तर या ‘नावा’चा इतिहास विसरता येणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या टेंभली गावातील एका बाईंना देण्यात आला. बिटकॉईन जन्मून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. एकीकडे पैशावरून नाव पुसण्याची खटपट आणि दुसरीकडे प्रत्येक माणसाला नोंदीत आणण्याची खटपट, या दोन गोष्टी एकाच सुमारास चालल्या होत्या. आज देशातल्या पेढीत खाते उघडू पाहणाऱ्याकडे ओळखीचे कागद मागितले जातात, तेव्हा त्या दोहोंची गाठ पडते.

आता आपल्या देशाकडे वळतो. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी लोकांना पहिला इशारा दिला. तो किती जणांनी मानला, हे पुण्यातल्या एका प्रकरणावरून दिसले. दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉईनमध्ये देऊ, अठरा महिने देऊ, अशा वचनावर लोकांकडून नाणी गोळा करण्यात आली. पुढे बिटकॉईनऐवजी योजनेने स्वतःच काढलेले एक नाणे लोकांच्या माथी मारले, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हिणकस नाणे पाडण्यासाठी आता भट्टी लागत नाही, एवढाच फरक.

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना या पेढ्यांशी संबंध तोडण्यास सांगितले. पेढ्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ४ मार्च २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी ते परिपत्रक रद्द केले. निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. असा हुकूम काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. अधिकार आहे, परंतु आपल्या देखरेखीखालील बँकांचे यामुळे काही नुकसान झाल्याचे तिने दाखविले नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेर ठरतो, असे म्हणाले.

त्यानंतर सरकारने केले ते असे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या मिळकतीवर तीस टक्के कर बसविला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक हस्तांतरावर एक टक्का उगमापाशीच कापून घेण्याचा नियम केला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने पेढ्यांना काळ्या पैशाच्या कायद्याखाली आणले. त्यांनी गिऱ्हाइकांची ओळख ठेवावी, संशयास्पद व्यवहार कळवावे. ही सर्व कामे योग्यच आहेत. पण ती कोणाच्या हितासाठी आहेत, हे आपण विचारले पाहिजे. कर हा खजिन्याच्या हिताचा. ओळखीची नोंद ही पोलिसांच्या हिताची. ज्या मास्तरांनी किंवा दुकानदारांनी आपली शिल्लक या पेढीत ठेवली, त्यांचा माल वेगळा ठेवा, असे जपानसारखे सांगणारा स्वतंत्र कायदा २०२५ अखेरपर्यंत आपल्याकडे झालेला नव्हता. १८६३ च्या मुंबई सरकारने गठ्ठा तपासला आणि पेढी तपासली नाही; माझ्या मते आपण पुन्हा त्याच जागी उभे होतो.

त्याचा प्रत्यय मुंबईतच आला. २०१८ मध्ये तेथे सुरू झालेली वझीरएक्स ही देशातली एक मोठी पेढी. १८ जुलै २०२४ रोजी चोरांनी तिच्या एका तिजोरीतून सुमारे तेवीस कोटी डॉलरचा, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांचा माल पळविला. एकंदर ठेवींचा हा निम्म्यापेक्षा थोडासाच कमी भाग. पेढीने पैसे काढणे थांबविले. गिऱ्हाईक भारतातले, नाव मुंबईचे. पण मूळ कंपनी सिंगापूरची निघाली, आणि कोणाला किती मिळावे याचा आराखडा सिंगापूरच्या उच्च न्यायालयापुढे गेला. चोरी एका तिजोरीतली, पण तोटा सर्वांनी वाटून घ्यावयाचा, असे ठरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने योजनेला मान्यता दिली आणि महिनाअखेरीस व्यवहार पुन्हा सुरू झाला. तोपर्यंत सव्वा वर्ष लोटले होते.

त्याच ऑक्टोबरात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका गिऱ्हाईक बाईंचा अर्ज निकालास निघाला. त्यांची नाणी निराळ्या जातीची होती. चोरीस गेलेल्या जातीची नव्हती. मग दुसऱ्यांच्या तोट्यात आमचा माल का ओढता, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की, ही नाणी हाताला लागत नसली तरी मालमत्ता आहेत. ती उपभोगता येतात, आणि दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवता येतात. त्यांच्या मालाला न्यायालयाने तूर्त संरक्षण दिले. माझ्या वयोवृद्ध स्नेह्यांना मी परवा हा निकाल सांगितला. त्यांनी एवढेच विचारले, “आणि बाकीच्यांचे काय?”